आठवी-नववीला जगण्याची कौशल्यं शिकवताना : नव्या शिक्षकांसाठी

जूनमध्ये वेळापत्रक लागतं आणि नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या वाट्याला ‘जीवनकौशल्य’ नावाचा तास येतो. त्याला पाठ्यपुस्तक नसतं आणि परीक्षाही नसते. मग पहिले दोन तास ‘वेळेचं महत्त्व’ आणि ‘ध्येय कसं ठेवावं’ यांवर भाषण होतं, तिसऱ्या तासाला गणिताचे सर तो तास मागून घेतात आणि दिवाळीपर्यंत तो वेळापत्रकात फक्त नावाला उरतो. सातारा-सांगलीच्या शाळांमध्ये हा तास नीट चालवायचा असेल तर काय, किती आणि कोणत्या क्रमानं करायचं, ते इथं सांगितलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९०च्या दशकात दहा जीवनकौशल्यांची यादी दिली: स्वतःची ओळख, समानुभूती, निर्णय घेणं, समस्या सोडवणं, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, संवाद, नातेसंबंध, ताण हाताळणं, भावना हाताळणं. यादी चांगली आहे, पण ती फळ्यावर लिहून एकेक कौशल्य ‘शिकवायला’ घेतलं की मुलं व्याख्या पाठ करतात. त्यापेक्षा खरं काम हातात द्या. तहसील कचेरीच्या खिडकीशी उभं राहून दाखला मागण्यात संवाद, ताण आणि समस्या सोडवणं ही तिन्ही कौशल्यं लागतात, आणि ती जमली की नाही हे लगेच कळतं. मूल एखादं काम एकट्यानं, कोणी शेजारी उभं नसताना करू शकलं, तरच ते कौशल्य आलं असं धरा.

आधी हिशोब करा

सुट्ट्या, चाचण्या, स्नेहसंमेलन वजा जाता वर्षात २५ ते ३० तास हाती राहतात. एक तास ३५ मिनिटांचा. एवढ्यात चार-पाच कामंच नीट होतात. आमची शिफारस: पैसा, अर्ज आणि कागदपत्रं, प्रथमोपचार, मोबाईलवरची फसवणूक आणि घरकाम. पैशाला आठ तास, कागदपत्रांना सहा, प्रथमोपचाराला पाच, बाकीच्यांना तीन-तीन. जास्तीचे दोन-तीन तास गावाच्या गरजेचे. कृष्णाकाठच्या पलूस, वाळवा, मिरज पट्ट्यात पूर घ्या. शिराळा, पाटण, जावळीच्या डोंगराकडे साप घ्या. माण, खटाव, जत, आटपाडीत पाण्याची साठवण आणि शुद्धता घ्या.

सुरुवातीला मुलांची चाचपणी करा. कागदावर बारा कामं लिहून द्या: बँकेत पैसे भरले, भात लावला, एकट्यानं एसटीनं तालुक्याला जाऊन आलो, सिलिंडर बदलला, अर्ज लिहिला, जखम बांधली, अशी. प्रत्येकापुढे ‘एकट्यानं’, ‘मदतीनं’ किंवा ‘कधीच नाही’ यावर खूण करायची. नाव लिहायला सांगू नका, फक्त मुलगा की मुलगी एवढं लिहू द्या. बहुतेक वर्गांत दिसतं ते असं: मुलींनी भात लावला आहे पण बँकेची पायरी चढलेली नाही, आणि मुलांनी बाजार केला आहे पण गॅस पेटवलेला नाही. हे आकडे पहिल्या पालकसभेत मांडा. ‘आमच्या पोराला स्वयंपाक कशाला शिकवता’ हा प्रश्न मग फारसा येत नाही. तरी आलाच, तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि वसतिगृहातली मुलं स्वतःची कामं स्वतः करत, कमवत आणि शिकत पुढं गेली, याची आठवण द्या. या भागातल्या घराघरात तो इतिहास माहीत आहे.

ऊसपट्ट्यातल्या शाळांनी एक गोष्ट वेगळी धरावी. ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीच्या आसपास येतात आणि हंगाम संपला की जातात. ती वर्गात असतील त्याच महिन्यांत व्याजाचा हिशोब, प्रथमोपचार आणि मोबाईल हे भाग घ्या. घरकामाचा भाग जूनमध्ये झाला तरी चालतो.

गट सहा जणांचा ठेवा आणि प्रत्येक तासाला चिठ्ठ्या टाकून कामं वाटा: करणारा, बघून चुका टिपणारा, वेळ बघणारा, साहित्य सांभाळणारा. चिठ्ठ्या नसतील तर प्रत्येक गटात एक-दोन हुशार मुलं सगळं करून टाकतात आणि उरलेली बघत बसतात. हा तास फसतो तो बहुतेक वेळा इथेच.

पैसा: व्याजापासून सुरुवात करा

बचतीचं महत्त्व सांगायला जाऊ नका. ते मुलांनी पहिलीपासून ऐकलेलं असतं. व्याजापासून सुरुवात करा, कारण घरात कानावर पडणारं ‘शेकडा तीननं घेतले’ हे वाक्य मुलांना ओळखीचं असतं आणि अर्थ माहीत नसतो.

फळ्यावर लिहा: १०,००० रुपये, शेकडा तीन. वर्षाचं व्याज किती? निम्मा वर्ग ३०० सांगेल. शेकडा तीन म्हणजे दर महिन्याला शंभराला तीन, हे इथं सांगायचं. महिन्याला ३००, वर्षाला ३,६००, म्हणजे दर ३६ टक्के. पुढची पायरी: व्याज दिलंच नाही आणि ते मुद्दलात मिळत गेलं तर? मुलांना बारा ओळींचा तक्ता करायला लावा. दुसऱ्या महिन्यात ३०९, तिसऱ्यात ३१८ रुपये २७ पैसे… वर्षअखेरीस देणं १४,२५८ रुपयांच्या घरात जातं. हा तक्ता कॅल्क्युलेटरवर करू द्या, पण प्रत्येक ओळ स्वतः लिहायला लावा. आकडा वाढताना हातानं लिहिला की तो लक्षात राहतो.

दुसरा तास हप्त्यांचा. मोबाईलची किंमत १२,०००, बारा हप्ते, दर हप्ता १,१५०. एकूण भरणा १३,८००, म्हणजे १,८०० जास्त. मुलं लगेच म्हणतील, १५ टक्के. इथं थांबा आणि विचारा: पूर्ण १२,००० रुपये वर्षभर आपल्याकडे होते का? पहिल्या हप्त्यानंतर मुद्दल कमी झालं, सहाव्यानंतर जवळजवळ निम्मं उरलं. सरासरी धरली तर वापरायला मिळाले सहा-साडेसहा हजार, आणि त्यावर १,८०० रुपये दिले. खरा दर २६-२७ टक्क्यांच्या आसपास येतो. नववीच्या मुलांना हे समजायला अख्खा तास लागतो, घाई करू नका. त्यावर प्रक्रिया शुल्क आणि विमा धरला तर दर आणखी चढतो.

एक सावधगिरी: कोणाच्या घरी किती कर्ज आहे, कोणी किती उचल घेतली आहे, हे वर्गात कधीही विचारू नका. उदाहरणं सगळी फळ्यावरची ठेवा.

मग बँकेच्या पावत्या. जवळच्या शाखेतून भरणा पावती आणि पैसे काढण्याची पावती यांच्या कोऱ्या प्रती मागून आणा, प्रत्येकाला दोन-दोन पुरतात. मुलं ठरलेल्या चुका करतात. तारीख राहते. खाते क्रमांकातला एखादा आकडा गळतो. अक्षरी रक्कम लिहिताना ‘फक्त’ राहतं आणि पुढं मोकळी जागा उरते. चूक झाली की खोडून वर लिहितात, आणि बँक अशी पावती घेत नाही. सगळ्यात मोठी अडचण सहीची असते. या वयात मुलांची सही ठरलेली नसते, दर वेळी वेगळी येते. एका कागदावर वीस वेळा एकच सही करायला लावा आणि पहिली व विसावी शेजारी ठेवून बघायला सांगा.

चेकचं एवढं पुरे: डाव्या कोपऱ्यात दोन समांतर रेघा मारल्या की पैसे खात्यातच जमा होतात, रोख मिळत नाहीत. तारखेपासून तीन महिन्यांनी चेक बाद होतो. दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवता येतं, मर्यादा प्रत्येक बँक ठरवते.

बँक आणि पतसंस्था यांतला फरक या दोन जिल्ह्यांत मुद्दाम सांगायला हवा, कारण इथं गल्लोगल्ली पतसंस्था आहेत. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, एका ठेवीदारामागे व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. एक-दोन टक्के जास्त व्याज दिसलं की आधी हे विचारायचं, एवढं मुलांच्या डोक्यात बसलं पाहिजे.

शेवटी प्रत्यक्ष भेट. शाखाधिकाऱ्यांना आधी भेटून वेळ ठरवा. सोमवार आणि महिन्याचे पहिले दहा दिवस टाळा. एका वेळी सहाच मुलं न्या. शिक्षकानं दाराशी थांबायचं, काउंटरवर मुलांनीच बोलायचं.

अर्ज, दाखले आणि खिडकीपुढचं बोलणं

दहावीचा निकाल लागला की सेतू केंद्रापुढे रांग लागते आणि अर्ध्या कागदांत नाव जुळत नाही म्हणून पालक हेलपाटे घालतात. हे काम नववीतच करून घ्या. प्रत्येक मुलानं वहीत तक्ता आखायचा: जन्म दाखला, शाळेचं जनरल रजिस्टर, आधार, बँक पासबुक. प्रत्येकापुढे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख जसंच्या तसं उतरवायचं, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’, आडनावातलं एखादं जास्तीचं इंग्रजी अक्षर, आधारवर फक्त जन्मवर्ष, असे फरक निघतात. शाळेच्या नोंदीत चूक असेल तर मूल शाळेत असतानाच, दहावीचा फॉर्म भरण्याआधी दुरुस्ती करून घ्या. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती फार अवघड होऊन बसते.

अर्ज एका पानाचा, एका मागणीचा. कोणाला, विषय, मी कोण, काय हवं, कशासाठी, सोबत काय जोडलं, तारीख, सही, मोबाईल क्रमांक. दोन मागण्या एका अर्जात घातल्या की तो दोन टेबलांमध्ये अडकतो. दोन प्रती करायच्या. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. याला पोच म्हणतात आणि ती घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहायचं: ‘फक्त उत्पन्नाच्या दाखल्यासाठी’, तारीख, सही.

बोलण्याचा सराव वर्गातच होतो. टेबल मांडा, पलीकडे शिक्षक, अलीकडे मूल. सुरुवातीला तीन वाक्यं: मी कोण, मला काय हवं आहे, मी कोणते कागद आणले आहेत. निघताना तीन प्रश्न: अजून काय लागेल, कधी येऊ, कोणाला भेटू. नवे शिक्षक इथं फार प्रेमळ कारकून होतात आणि सराव वाया जातो. मान वर न करता ‘उद्या या’ म्हणा. नव्वद टक्के मुलं ‘बरं’ म्हणून वळतात. त्यांना थांबवा आणि पुढचं वाक्य तोंडात बसेपर्यंत म्हणवून घ्या: ‘साहेब, उद्या किती वाजता येऊ? तुम्हीच भेटाल का?’ आवाज न चढवता, नजर न पाडता. ज्या मुलींचा आवाज वर्गात कधी ऐकू येत नाही, त्यांना हा सराव दोनदा द्या.

प्रथमोपचार

चार गोष्टी पुरेत: भाजणं, रक्तस्राव, जुलाब, सर्पदंश.

भाजलं तर भाग वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ काही लावायचं नाही. वीस मिनिटं किती लांब असतात हे कळायला एकदा नळाखाली हात धरून घड्याळ लावा. दुष्काळी भागात नळ सोडता येत नसेल तर बादलीत हात बुडवून ठेवला तरी चालतं. नाकातून रक्त आलं तर डोकं पुढं झुकवायचं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा. डोकं मागं केलं की रक्त घशात उतरतं. जुलाबाला एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर ते पाणी धोक्याचं. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर फेकून नवं करायचं. चमचा शीग लावून भरणं ही इथली नेहमीची चूक आहे, म्हणून पट्टीनं चमचा सपाट करून दाखवा.

सर्पदंशावर पूर्ण तास द्या. आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळायला त्रास अशी लक्षणं दिसली तर साप दिसला नसला तरी दवाखाना गाठायचा. पायऱ्या अशा:

१. माणसाला आडवं करा, चालू देऊ नका. हालचाल झाली की विष लवकर पसरतं.
२. अंगठी, बांगड्या, पैंजण, चप्पल काढा. सूज आली की ते रुततं.
३. हाडाला मार लागल्यावर बांधतो तसा तो हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर करा.
४. १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ असेल तर दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून न्या.
५. निघण्याआधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात फोन करून प्रतिविष लस आहे का विचारा. चावल्याची वेळ लिहून घ्या.

दोरी आवळणं, चिरा देणं, चोखणं, मांत्रिकाकडे नेणं, साप शोधत बसणं यांत वेळ जातो आणि इजा वाढते. सरावाला ओढणी आणि लाकडी पट्ट्या पुरतात. मुलं हमखास फार घट्ट बांधतात. बांधलेल्याखाली एक बोट सहज जायला हवं आणि नख दाबून सोडलं की पुन्हा गुलाबी व्हायला हवं.

मोबाईल

हा भाग उदाहरणांनीच घ्या. पाच मेसेज वाचून दाखवा: आज रात्री वीज तोडणार, लॉटरी लागली, खातं बंद होणार, ‘मी पोलीस बोलतोय, तुम्हाला व्हिडिओ कॉलवर अटक केली आहे’, ‘चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत करा’. प्रत्येकाला एकच प्रश्न: यात घाई कोण करतंय आणि का? पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो, हे वाक्य घरी आजी-आजोबांना सांगून यायला लावा. पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

फोटोवरून कोणी धमकावत असेल तर मेसेज पुसायचे नाहीत, स्क्रीनशॉट ठेवायचे, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं, आणि १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. हे सांगताना मुलगे-मुली वेगळे बसवू नका, दोघांनाही हे लागतं. तासानंतर एखादं मूल घुटमळत थांबलं तर त्याला वेळ द्या आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. लैंगिक गुन्हा असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे.

घरकाम आणि गॅस

कुकरला एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही, डाळीला निम्माच. लावण्याआधी शिट्टीचं भोक उजेडात धरून बघायचं, आत डाळीचं साल अडकलेलं असतं. वाफ पूर्ण जाईपर्यंत झाकण उघडायचं नाही. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ‘सी-२७’ असं लिहिलेलं असतं: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढं वर्ष. ती तपासणीची मुदत असते, ती उलटलेला सिलिंडर घ्यायचा नाही. रिकाम्या टाकीचं वजनही तिथंच असतं. त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्याचं वजन येतं. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेचं बटण चालू-बंद काहीच नाही, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन.

नदीकाठच्या शाळांसाठी

२००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांनी सांगलीकरांना आयर्विन पुलाचे आकडे पाठ करून दिले आहेत: ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. मुलांना जुलै-ऑगस्टमध्ये रोजची पातळी आणि कोयनेचा विसर्ग आलेखावर मांडायला लावा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हे एकदा बादल्यांत मोजून दाखवा, म्हणजे बातमीतला आकडा कळायला लागतो. प्रत्येक घरानं एक पिशवी भरायची: प्लास्टिकमध्ये कागदपत्रं, आठवड्याची औषधं, बॅटरी, भरलेली पॉवर बँक, थोडी रोकड, सुका खाऊ, बाळ असेल तर त्याचं सामान. पाणी घरात शिरण्याआधी मेन स्विच बंद. निघताना जनावरं सोबत नेता आली नाहीत तर दावी सोडून द्यायची.

जमलं की नाही, कसं बघायचं

गुण देऊ नका. प्रत्येक मुलाचं एक कार्ड करा, त्यावर वीस कामं आणि तीन रकाने: एकट्यानं, मदतीनं, अजून नाही. एखाद्या कामावर ‘एकट्यानं’ ही खूण झाल्यावर दोन महिन्यांनी न सांगता तेच काम पुन्हा द्या. पट्टी बांधणं आणि पावती भरणं ही दोन कामं सर्वांत लवकर विसरली जातात, त्यांची उजळणी जानेवारीत ठेवा. घरी केलेल्या कामावर पालकांची सही घ्यायची असेल तर सोबत एक प्रश्नही विचारा, ‘कुठे अडलं?’. नुसती सही पुष्कळदा न बघता होते.

एप्रिलमध्ये एक फाईल करा: कोऱ्या पावत्या, मेसेजचे नमुने, वहीतल्या तक्त्याचा आराखडा, शाखाधिकारी आणि आरोग्य केंद्राशी बोलायची पद्धत, कोणत्या भागाला किती तास लागले आणि कुठे कमी पडले. ती मुख्याध्यापकांकडे द्या, म्हणजे तुमची बदली झाली तरी जूनमध्ये येणाऱ्या शिक्षकाला पहिल्या आठवड्यातच बँकेची वेळ घेता येईल.